धोंडू मेस्त्रीचा छज्जा

धोंडू मेस्त्रीनं पायरीवर चपला काढल्या, पण तो आत येईना.

"बाय, माझो सत्कार रद्द केल्यानी. म्हणतत, धोंडून वाचनालय बांधताना खाडीची खारी रेती घातली. नदीची होती, तीन पाण्यांनी धुतलेली."

आनंदी नाबर इमारतींच्या खासगी तपासनीस. गळती आणि भेगा यांचे गुन्हेगार शोधायच्या. त्यांची पिशवी वाहणारा महादू पंधरा वर्षं नेमानं चुकीचा माणूस पकडत आला होता.

आरोंद्याच्या वाचनालयाला रविवारी पंचवीस वर्षं होत होती. स्लॅब ओतला त्या दिवशी अख्ख्या गावानं घमेली वाहिली होती आणि संध्याकाळी वडे-उसळ खाल्ली होती. आता त्याच्या रुंद छज्ज्याचा पश्चिमेकडचा टवका उडून फुगलेली, तांबूस सळई दिसत होती.

आनंदीबाईंनी काँक्रीट ओलं करून मीटर टेकवलं. "पूर्वेला उणे शंभर. पश्चिमेला उणे चारशे. जितकं उणं, तितकी गंजाची शंका जास्त."

महादूनं दोन्ही टोकांना वरून ड्रिल मारून वरचं, मधलं, तळाचं पीठ वेगवेगळ्या पुड्यांत भरलं. पश्चिमेला हात खरचटला; तिथलं सिमेंट कोणीतरी चाटून नेल्यासारखं, खडी उघडी.

पूर्वेच्या कठड्यावर कोळी सत्यवान जाळी वाळत घालत होता.

"खाऱ्या पाण्याची?" महादूनं दरडावलं.

"विहिरीवर धुवन आणतंय रे. नायतर जाळी कडक होता. तू शर्ट धुतंस काय कधी?"

वाचनालयाच्या सचिव विमलाकाकी. खाऱ्या रेतीचा आरोप त्यांचाच.

"मी रोज हंय असतंय," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यात सोलां सुकवतंय छज्ज्यार. पश्चिमेक, थंय ऊन उशिरापर्यंत रवता. मीठ घातलेल्या रसात सात वेळा बुडवची, सात वेळा सुकवची. पंधरा वर्षां झाली. माझी आमसुलां मुंबैक जातत."

शुक्रवारी प्रयोगशाळेचा कागद आला. पूर्वेच्या पुड्यांत मीठ नावापुरतं. पश्चिमेला वरच्या पुडीत भरपूर, मधल्या पुडीत थोडं, तळाच्या पुडीत जवळजवळ नाहीच.

शनिवारी सगळे वाचनालयात जमले.

"मीठ सापडलं. म्हणजे जाळी," महादू म्हणाला.

"जाळी पूर्वेला, महादू. गंज पश्चिमेला."

"मग रेती."

"रेती खारी असती तर मीठ दोन्ही टोकांना, वरपासून तळापर्यंत सारखं सापडलं असतं. हे वरून मुरलंय. छज्ज्याची मुख्य सळई वरच्या अंगाला असते, म्हणून आधी तीच सापडली त्याच्या तावडीत. आणि मीठ एकटं सिमेंट असं खात नाही. सोबत आंबट हवं. खारट, आंबट, पश्चिमेला, वर्षानुवर्षं."

सगळ्यांच्या माना विमलाकाकींकडे वळल्या.

"बांबूच्या तट्ट्यातसून रस गळता खरो," त्या पुटपुटल्या. मग त्यांना हसू आवरेना. "म्हंजे माझ्या सोलांनी खाल्लो काय छज्जो? आणि मी ह्या म्हाताऱ्याक गावभर..."

"तेवढा भाग फोडून, सळई साफ करून पुन्हा भरता येईल," आनंदीबाई म्हणाल्या. "बाकीचं काँक्रीट आणखी पंचवीस वर्षं हसत काढील."

रविवारी विमलाकाकी स्वतः शाल घेऊन मंचावर गेल्या. धोंडू उठला, पण त्यानं शालीकडे पाहिलंही नाही.

"शाल मागीर. आधी माका माइक दी. पंधरा दिवस गप बसलंय."