अंगठा काढायचा नसतो

अकरा ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं. खाडीत भरती थांबलेली, वारा नाही. एक होडी, तीत दोन माणसं.

एवढं पोलिसांच्या कागदात आहे. पुढचं मला रादामेसने सांगितलं, इथेच, या पायरीवर बसून. आपला रादामेस, पाहुण्यांना टार्पन माशाच्या शिकारीला नेतो तो. आयुष्यभर बातमीदारी केली मी. थापा मारणारा मला वासावरून कळतो. तो थापा मारत नव्हता. यादिएल, तो फोन विझव. वीज यायची तेव्हा येईल. त्या उजेडात तुझंच तोंड भुतासारखं दिसतंय.

"मग गोष्ट कशाला, काका? यालाच बघत बसू," नाशाली म्हणाली.

हसून घ्या. तर धक्क्यावरच्या हॉटेलचा मॅनेजर सिंत्रोन. त्याने रादामेसला बजावलं, होल्कम नावाचा पाहुणा उद्या विमानाने परत जाणार, आज त्याला मासा मिळालाच पाहिजे. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. हा होल्कम आठवडाभर पिसांची माशी बांधलेला गळ फेकत होता, आणि मासे त्याच्या गळाला वळसा घालून जात होते. शहाणे मासे.

त्या संध्याकाळी लागला. माणसाएवढा. तीनदा पाण्याबाहेर उसळला. दमल्यावर रादामेसने त्याला होडीच्या कडेला आणलं आणि खालच्या जबड्यात अंगठा घालून धरलं. इथवर सगळं रीतीने. फोटो काढायचा तो मासा पाण्यात ठेवून. मग त्याचं तोंड प्रवाहाकडे करून धरून ठेवायचं, तो स्वतः हवेचा घोट घेईपर्यंत. टार्पन हवा पितो, हे तुम्हाला मी काय सांगणार. तुमचे आजे काय म्हणायचे? त्याने घोट घेतल्याशिवाय अंगठा काढायचा नाही.

पण होल्कमला मासा मांडीवर हवा होता. ओढला आत. होडीच्या काठावर पोट घासलं, खवले निघाले. हा बसला त्याला मिठी मारून, दात काढत. व्हिडिओ झाला. तर म्हणे टोपी वाकडी आली, परत काढ! तोवर माशाचे कल्ले उघडझाप करताहेत, त्यांतून रक्ताचा फेस येतोय, पोटातली घाण पाहुण्याच्या बुटांवर ओघळतेय. सगळ्या अंगाला बुळबुळीत चिकटा. आणि हा हसतोय.

"शी!" नाशाली म्हणाली.

शी कसली? जेवताना फोनवर हेच तर बघता तुम्ही.

शेवटी रादामेसने मासा पाण्यात घेतला. अंगठा जबड्यात. पुढे-मागे, पुढे-मागे. मासा काही घोट घेईना.

"चल रे, भूक लागली," होल्कम म्हणाला.

"जरा थांबा, साहेब. अजून याने श्वास घेतला नाही."

"मासा आहे तो. तुझा सासरा नव्हे."

रादामेसने अंगठा काढला. का काढलास, असं मी विचारलं तेव्हा तो माझ्याकडे बघेना. पांढरं पोट वर आलं... आणि खाली गेलं.

परतताना अंधार पडला. तिवरांमधली वाट अरुंद, म्हणून इंजिन बंद करून रादामेस मागे उभा राहून काठीने होडी रेटत होता. होल्कम पुढे, पाठमोरा. मागून आवाज आला. टार्पन हवा घेतो तसा. रादामेसला हायसं वाटलं. वाचला म्हणायचा.

पुन्हा आला. होडीखालून.

मग वास. तिवरांचा चिखल कुजतो तो. पण गरम. कुणी तोंडावर श्वास सोडावा तसा.

पुन्हा आवाज.

होडीत.

"साहेब?"

"साहेब, तुम्ही होतात का?"

त्याने बॅटरी लावली. होल्कम ताठ बसलेला. हनुवटी वर. खालचा ओठ पुढे ताणलेला. तोंड एवढं उघडं, की माणसाचं तेवढं उघडत नाही. छाती हलत नव्हती. गळ्यावरून चिकटा ओघळत होता...

रादामेसने त्याला हात लावला नाही. इंजिन चालू केलं, तिवरांवर आपटत, फांद्या मोडत धक्का गाठला. तिथे, दिव्याखाली, सगळ्यांदेखत होल्कमने घोट घेतला. एकच. मोठा. आणि तोंड मिटलं.

"मेला?" यादिएलने विचारलं.

मेला कसला! सकाळी उठून पोलिसांना सांगितलं, याने माझ्या तोंडात हात घातला, मला मारत होता. रादामेसला घरातून उचललं. सिंत्रोन म्हणाला, हा आमचा माणूसच नव्हे. ज्याने काल धमकावून पाठवलं तोच! मी बातमी लिहिली, तर माझ्याच संपादकाने ती दाबली; शेवटच्या पानावर हॉटेलची जाहिरात होती. रादामेसची बायको रोज ठाण्याच्या दाराशी उभी. खुनाचा प्रयत्न म्हणजे काय शिक्षा, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं.

आणि एका दुपारी त्याला सोडून दिलं. माफी नाही, खुलासा नाही. घरी जा.

का सोडलं? कुणी विचारलं नाही. मी विचारलं. होल्कमला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई किन्योनेस यांच्या टेबलावर हात आपटून विचारलं. त्यांनी दार लावलं आणि होल्कमच्या तोंडाचा फोटो पुढे ठेवला. खालच्या जबड्याच्या आत, जिभेच्या बाजूला, अंगठ्याचा काळानिळा ठसा. स्पष्ट. आता पोरांनो, तुम्हीच माझ्यासमोर बसून माझा जबडा धरा. अंगठ्याचं टोक कुठे जाईल? माझ्या घशाकडे. रादामेसनेच काय, कुणीही धरलं तरी तसंच.

वर्ष झालं. तो हात कुणाचा, याचं उत्तर ना ठाण्यात आहे, ना इस्पितळात.

फोटोत अंगठ्याचं टोक दातांकडे होतं. मूळ घशाकडे. आणि तिथून खरचटल्याची लाल रेघ आत उतरत गेलेली... डॉक्टरीणबाईंना घसा तपासायच्या आरशात जिथवर दिसलं, तिथवर.