मंजूर कापडाचा रुमाल

भूगोलाच्या सरांना त्या गेटावर उभं राहून काय मिळणार होतं, ते आधी सांगते. पक्की नोकरी. वर्षभर एकही तक्रार न येऊ देता शिस्त सांभाळली, की मोठ्या बाई सही करणार. सही झाली, की सर एका खोलीतून दोन खोल्यांत जाणार, आणि दोन खोल्या झाल्या, की गावाकडून आईला आणणार. म्हणजे एका सहीवर एक नोकरी, एक जास्तीची खोली आणि एक आई, एवढं सगळं टांगलेलं.

आणि मला? माझं शिवणाचं दुकान शाळेच्या गेटासमोर, मधे फक्त रस्ता. नव्या वर्षी गणवेश बदलणार होता. नमुन्याचा जोड शिवायला शाळेने मला निळ्या कापडाचा तागा दिला होता, किनारीवर शाळेचा शिक्का असलेला. नमुना पसंत पडला, की सातशे मुलांचं काम. तेव्हा शाळेकडे तोंड करून गोड हसायचं आणि कुणाच्या भानगडीत पडायचं नाही, असं मी पक्कं ठरवून ठेवलं होतं.

या हिशेबात प्रेमाचा रकाना कुठेच नव्हता.

नियम नवाकोरा होता. गेटाशेजारच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिला होता: ‘शाळेने मंजूर केलेल्या कापडाखेरीज अंगावर दुसरे काहीही असू नये.’ म्हणजे डोक्यावर रुमाल नको, मनगटात दोरा नको, गळ्यात पदक नको. शिक्षकांनाही हेच, त्यांना शाळेचा पांढरा शर्ट. सकाळी सर पत्र्याचा डबा घेऊन उभे राहायचे. ज्याचं जे असेल ते डब्यात, चार वाजता परत. शिवाय एक वही – वस्तू, मालक, परत केल्याची वेळ.

मी मशीनवरून रोज बघायचे. माझ्या स्वतःच्या डोक्यावर रुमाल असतो, त्यामुळे तो डबा मला फारसा आवडत नव्हता. डबेवाला तर त्याहून नाही.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो रस्ता ओलांडून थेट दुकानात आला. हाताला खडूची भुकटी, चेहरा चोरी करताना सापडल्यासारखा.

“ताई, एक मदत हवी होती.”

त्याने टेबलावर एक पांढरा रुमाल ठेवला. बोळा झालेला.

“याची घडी घालता येत नाहीये. काढून घ्यावा लागतो, ते काम आहे माझं. पण असा चुरगळलेला परत द्यायला... बरं नाही वाटत.”

मी इस्त्री जरा जोरातच आदळली. “काढून घेताना लाज वाटत नाही, घडी घालताना वाटते होय?”

“दोन्ही वेळेला वाटते,” तो म्हणाला. “घडीचं निदान काहीतरी करता येतं.”

काढून घेणारी माणसं मी आयुष्यात पुष्कळ पाहिली. घडी विचारणारा हा पहिलाच.

मी रुमालावर पाणी शिंपडलं, इस्त्री फिरवली. वाफ वर आली तसा तो मागे सरला आणि पुन्हा हळूच पुढे आला.

“बघा. टोकाला टोक. मग अर्ध्यात. मग हात फिरवायचा... दाबायचा नाही हो, फिरवायचा! कणीक आहे का ती?”

त्याने घातलेली घडी बोटभर तिरकी आली. अख्ख्या देशाचे नकाशे फळ्यावर झरझर काढणारा माणूस, आणि हातभर कापडाची दोन टोकं जुळत नव्हती.

रुमाल होता सातवीतल्या बडबडीचा. तिचं हे नाव शिक्षकांनीच ठेवलेलं आणि तिने ते बक्षिसासारखं मिरवलेलं. तिचे वडील पहिल्याच दिवशी बोलून गेले होते, ‘रुमाल काढावा लागत असेल तर शाळाच नको.’ शेवटी त्यांच्या पाठीमागे तडजोड अशी ठरली, की घरातून निघताना डोक्यावर आणि घरी पोचताना डोक्यावर. मधल्या वेळाचं त्यांना कुणी सांगायचं नाही. एके दिवशी मी तिला विचारलं, “तुझं तुला काय वाटतं गं?”

“बाबांचं सोडा ताई. वर्गात मलाच उघडं उघडं वाटतं. फळ्याकडे बघायचं सोडून मी केसच चाचपत बसते. गेल्या चाचणीत सात मार्क गेले त्यात.”

तर सर रोज यायला लागले. पहिल्या आठवड्यात मी ‘ताई’ होते. दुसऱ्या आठवड्यात ‘ताई’ गळून पडलं आणि त्या जागी नुसतं खाकरणं आलं. तिसऱ्या आठवड्यात दारातून हाक आली, “अहो...”

मी मान वर न करता विचारलं, “ताई कुठे गेली?”

“कोण ताई?”

“गेले पंधरा दिवस जिला हाक मारत होतात ती.”

त्याचे कान लाल झाले. “तिची... बदली झाली.”

हसू दाबायला मी दोन टाचण्या ओठांत धरल्या. शिवणकामाचा हा एक मोठा फायदा आहे.

सही जवळ आली तसा तो नवा शर्ट शिवायला आला. मी छातीचं माप घेतलं, खांद्याचं घेतलं. त्याने श्वास असा रोखून धरला होता, की मला म्हणावं लागलं, “सोडा हो, नाहीतर शर्ट तंग होईल.” गळ्याचं माप घेताना टेपखाली काहीतरी लागलं. कॉलरच्या आत एक बारीक काळा गोफ, त्याला लहानसं पदक.

टेप तिथेच थांबली. तोही.

“हे कुठल्या रकान्यात आहे सर?” मी हळूच विचारलं. “डब्यात तर दिसलं नाही.”

त्याने गोफ पुन्हा कॉलरच्या आत सारला. मग म्हणाला, “आईने घातलंय. निघताना. बटण लावलं की दिसत नाही.”

“मुलींच्या डोक्याला बटण नसतं ना. तोच त्यांचा गुन्हा.”

मी माप लिहून घेतलं. आमच्या धंद्यात कुणाचं पोट किती, कुणाचा खांदा कुठे उतरलाय, सगळं ठाऊक असतं आणि बोलायचं काही नसतं. पण त्या दिवशी तो रस्ता ओलांडून गेला तो मान खाली घालून. मला वाटलं, संपलं. आता हा घडी दुसऱ्या कुणाकडून घालून घेणार.

संपलं नाही. उलट चारच दिवसांनी दुपारी अडीच वाजता तो धावत आला. हातात ओला बोळा, गुलाबी रंगाचा.

“अहो, घात झाला!”

डब्याचा गंज रुमालाला लागला होता. डागाळलेला परत कसा द्यायचा, म्हणून या सज्जन माणसाने प्रयोगशाळेच्या बेसिनमध्ये गरम पाणी घेतलं, साबण घातला आणि रुमाल भिजवला. सहावीतल्या एका मुलाचा लाल दोराही मळलेला दिसला, तर तोही त्यातच टाकला. ‘म्हटलं एकदमच होईल.’ अर्ध्या तासाने लाल दोरा फिका पडला होता आणि पांढरा रुमाल गुलाबी झाला होता.

मी हसता हसता स्टुलावरून पडायची राहिले. “सर, जे गेटावर कुणाला जमत नव्हतं, ते तुम्ही बेसिनमध्ये केलंत, दोरा आणि रुमाल एका रंगाचे!”

“हसू नका हो. चार वाजता ती पोरगी घरी कशी जाणार? तिचे बाबा गल्लीच्या तोंडाशी उभे असतात. उघड्या डोक्याने गेली, तर उद्यापासून यायचीच नाही.”

माझं हसू तिथेच थांबलं. होतं नव्हतं ते पांढरं कापड सरांच्याच शर्टात संपलं होतं, दुकानात त्या दिवशी तसूभर नव्हतं. होता तो एकच तागा. निळा. शाळेचा. त्यातला हातभर तुकडा गेला, की नमुन्याचा हिशेब जुळणार नव्हता, आणि हिशेब जुळला नाही, की सातशे मुलांचं काम गेलं.

मी त्याच्याकडे बघितलं. बाह्यांना साबण, नाकावर फेस.

कात्री लावली.

सव्वातीनला रुमाल तयार. चारी बाजूंनी दुमडून, बारीक टाका घातलेला. आणि आता खोटं कशाला सांगू, किनारीवरचा शाळेचा शिक्का मी मुद्दाम एका कोपऱ्यात राहू दिला. फलक मलाही वाचता येतो.

बडबडीलाही येत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती निळा रुमाल बांधून गेटात आली आणि थांबलीच नाही. सरांनी डबा पुढे केला.

“सर, हे मंजूर कापड आहे.” तिने शिक्का दाखवला. “फलक वाचा.”

मागची रांग खिदळली. सरांनी फलक वाचला, शिक्का वाचला आणि डबा मागे घेतला. नेमक्या तेव्हाच मोठ्या बाई व्हरांड्यातून खाली आल्या.

“काय चाललंय?”

“बाई, नियमाप्रमाणे कापड मंजूर आहे,” सर म्हणाले.

“मला पळवाटा शिकवू नका. नियम मी लिहिलाय. डोकं उघडं हवं, एवढाच त्याचा अर्थ. घ्या तो रुमाल. आज तुमच्या फाईलवर सही करायची आहे, लक्षात आहे ना?”

मशीनवरचा माझा पाय थांबला. रस्त्यापलीकडून सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. सहीवर टांगलेली नोकरी, खोली, आई... आणि समोर बारा वर्षांची पोर, दोन्ही हातांनी रुमाल धरून.

सरांनी कॉलरचं बटण काढलं. गोफ डोक्यावरून ओढून काढला आणि पदकासकट डब्यात ठेवला. टप्प असा आवाज झाला. मग वही उघडून त्यांनी मोठ्याने वाचत लिहिलं, “वस्तू: एक गोफ. मालक: भूगोल शिक्षक.” आणि म्हणाले, “बाई, माझ्यापासून सुरुवात व्हायला हवी होती. कॉलर होती म्हणून मी सुटत होतो. हिला कॉलर नाही. हिचा रुमाल काढायचा असेल तर तुम्ही काढा. माझ्या हातून नाही होणार.”

गळ्यात टेप तशीच लटकत ठेवून मी रस्ता ओलांडला. भानगडीत पडायचं नाही, हे ठरवलेलं त्या रस्त्यावरच कुठेतरी सांडलं.

“बाई, रुमाल मी शिवलाय. तागा शाळेचा, चूक माझी.”

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. डोक्यावरचा रुमाल पाहिला. “तू...”

“आठवी ब. पंधरा वर्षांपूर्वी रुमाल काढणार नाही म्हणून याच गेटातून कायमची घरी गेले होते. तेव्हा फलक नव्हता, तुम्ही वर्गशिक्षिका होतात.”

“तुझ्या वहीचे समास सरळ असायचे,” बाई एकदम म्हणाल्या. “पट्टी न लावता.”

त्यांनी बडबडीच्या रुमालाचा कोपरा उलटून बघितला. कितीतरी वेळ बघितला.

“आतून पण टाके सरळ आहेत.”

“आतूनच सरळ लागतात बाई. बाहेरचं आपोआप येतं.”

घंटा झाली. बाईंनी कोपरा सोडला, हाताने सारखा केला. “वर्गात जा गं. आणि चाचणीत सात मार्क कमी होते, ते यावेळी दिसले पाहिजेत.” मग सरांकडे न बघताच म्हणाल्या, “डबा माझ्या खोलीत ठेवा. चार वाजता तुमचं घेऊन जा.”

पुढच्या सोमवारी फलकावर एक ओळ वाढली: रुमाल आणि केसांवरचं फडकं चालेल, मात्र मंजूर कापडाचं; दोरा आणि पदक बाहीच्या आणि कॉलरच्या आत. डबा बंद झाला.

सही मात्र झाली नाही. ‘अधिकार नसताना नियमाचा अर्थ लावला’, म्हणून सरांची कच्ची नोकरी आणखी एक वर्ष. माझ्या नमुन्यात हातभर कापड कमी निघालं, आणि सातशे मुलांचं काम बाजारातल्या मोठ्या दुकानाकडे गेलं. मला मिळाले फक्त रुमाल. निळे, चौऱ्याऐंशी नग.

फलक बदलला त्याच सोमवारी मधल्या सुट्टीत खाकरणं ऐकू आलं. तो दारात. हातात तोच डबा.

“गेटावरचं काम गेलं माझं. आता इकडे यायला कारण उरलं नाही, म्हणून...” त्याने डबा उघडला. आत गुलाबी रुमाल, घडी घातलेला. “बडबडी म्हणाली, निळा जास्त चांगला आहे, हा ताईंना द्या.”

“घडी कुणी घातली?”

“मी. अकरा वेळा.”

मी बघितलं. टोकाला टोक. बोटभर सोडा, दोराभरसुद्धा फरक नव्हता. रुमालाखाली वही होती. उघडलेल्या पानावर नवी नोंद – वस्तू: एक रुमाल, सोबत भूगोल शिक्षक. मालक: समोरचं दुकान.

“परत करायची वेळ लिहिली नाहीत,” मी म्हटलं.

“परत घ्यायचं नाहीये म्हणून.” त्याने बाहीच्या बटणाशी चाळा केला. “नोकरी कच्ची आहे अहो. खोली एकच आहे. आणखी एक वर्ष लागेल. थांबाल?”

“मी पंधरा वर्षं त्या गेटासमोर थांबले,” मी म्हटलं. “एक वर्ष म्हणजे काय, दोन बटणांमधलं अंतर.”

टाचण्या त्या वेळी ओठांत नव्हत्या. त्यामुळे हसू दाबता आलं नाही. त्यालाही नाही.

आता कुणी किती भरलं ते सांगून टाकते. मोठ्या बाईंनी एक ओळ दिली, त्यांच्या मानाने ती फार मोठी. सरांनी एक वर्ष दिलं, मी सातशे गणवेश. त्यांच्या आईने आणि माझ्या बाबांनी आपापला अबोला दिला, सहा महिने. सातव्या महिन्यात सरांच्या आई गावाहून आल्या, पिशवीची शिवण उसवली म्हणून दुकानात शिरल्या आणि संध्याकाळपर्यंत बसल्या. बडबडीने काहीच दिलं नाही, उलट सात मार्क वसूल केले.

लग्नात मी तो गुलाबी रुमाल बांधला होता. सगळे छान छान म्हणत होते. इतक्यात तो सहावीतला, आता सातवीतला, मुलगा गर्दीतून पुढे घुसला, मनगटातला फिका दोरा वर केला आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं ओरडला, “ओ सर, तो माझा रंग आहे!”

खरंच होतं. या सगळ्या व्यवहारात स्वतःचा रंग घालवला तो एकट्या त्यानेच. म्हणून तो दोनदा जेवला तरी त्याला कुणी अडवलं नाही.