हरभरा पेरणीचं पान

पूर्वी माणसांच्या गाठी जत्रेत पडायच्या, बस स्टँडवर पडायच्या. सुकन्या आणि बसवप्रभूची गाठ पडली ती वेबसाइटच्या एका पानावर.

बसवकल्याणच्या घरी बसून सुकन्या एका बियाणे संघाच्या वेबसाइटवर मराठी मजकूर घालायची. संघाची कचेरी कलबुर्गीला. त्या सकाळी तिनं हरभरा पेरणीचं पान उघडलं, तर पडद्यावर पाटी आली... ‘बसवप्रभू हे पान संपादित करत आहेत.’

हा कोण बाबा? कचेरीतून नंबर घेऊन तिनं थेट फोन लावला.

“माझ्या पानात काय करायलात तुम्ही?”

“अं? मी... कन्नड पान समजून तुमच्या पानात शिरलो बघा, अक्का. निघतो आत्ता.”

“निघा की मग!”

“निघायलोय. पण एक लिंक तुटली हाय इथं. जोडून जाऊ, का तशीच ठेवू?”

सुकन्या हसली, आणि स्वतःच दचकली. आई गेल्यापासून त्या घरात हसण्याचा आवाज कुठला? मजकूर टाकण्याआधी ती तो मोठ्यानं वाचून बघायची. चुका सापडतात म्हणून, असं सांगायची. खरं तर हरभऱ्याच्या घाटे अळीवरच्या उपायांनी का होईना, घरात कुणीतरी बोलत राहायचं.

बसवप्रभू करजगीचा. शेती सांभाळून संघाच्या वेबसाइटची दुरुस्तीही तोच करायचा. त्या दिवसानंतर पानं बिघडत राहिली आणि फोन होत राहिले.

“सगळं पांढरं दिसायलंय हो!”

“घाबरू नका. नवीन जे जे जोडलं, ते एकेक बंद करून बघा. लबाड कोण ते कळतंय.”

“मी बदल केला, तरी जुनंच दिसायलंय.”

“आधीचं साठवलेलं पुसून टाका. जुनं सोडल्याशिवाय नवं दिसत न्हाई.”

“‘पान सापडलं नाही’ म्हणतंय.”

“पानांच्या पत्त्यांच्या सेटिंगात जा. काही बदलू नका, नुसतं सेव्ह दाबा.”

“काहीच न बदलता?”

“व्हय. कधी कधी नुसतं जाऊन यावं लागतंय, मॅडम.”

अक्काची मॅडम कधी झाली, कुणाच्याच ध्यानात आलं नाही. सुकन्याच्या मात्र आलं होतं.

मग दिवाळीच्या आधी वेबसाइट अशी सुरळीत चालू लागली, की विचारू नका. एक पान बिघडेना. फोन गप्प. बिनकामाचा फोन परक्या पुरुषाला कसा करायचा, आणि केला तर बोलायचं काय? जेवताना ती फोन ताटाशेजारी ठेवायची. वरण गार व्हायचं.

एका सकाळी तिनं हरभऱ्याच्या पानाचा पत्ताच बदलला. एक अक्षर इकडचं तिकडं केलं. ‘पान सापडलं नाही’ असं पडद्यावर उमटलं. लगेच फोन लावला. बंद. करजगीला लाइट नसणार. थोड्या वेळानं पुन्हा बंद. ते अक्षर तिला आपल्या हातानं सरळ करता आलं असतं... पण मग त्याला सांगायचं काय? ती वाट बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी फोन आला, पण संघाच्या मुकुंदरावांचा. आवाज तापलेला.

“सुकन्या, खटकचिंचोळीची चंद्रम्मा पहाटेच्या बसनं बियाणं न्यायला आली. वाटप कालच झालं! तारीख त्या पानावर होती आणि पान काल दिवसभर बंद. बसवप्रभूनं आत्ता सुरू केलं. पत्ता त्याच्याच हातून बदलला, म्हणतोय. उद्यापासून त्याचं काम बंद. बेंगळुरूच्या कंपनीला देऊन टाकतो.”

 ती गप्प बसली असती, तर कुणाला कधी कळलं नसतं.

“काका... पत्ता मी बदलला. मुद्दाम.”

“कामून?”

“ते सांगता येत न्हाई. माझं काम काढा, त्याचं काढू नका. आणि चंद्रम्मांना बसवून घ्या. त्यांच्या बियाण्याचं मी बघते.”

 “बियाणं मी देतो तिला. तू मात्र आता पुन्हा पान उघडू नकोस, पोरी.”

फोन ठेवून ती नुसती बसून राहिली. लॅपटॉपचा पडदा विझला. आता मोठ्यानं वाचायलाही काही उरलं नव्हतं.

तिन्हीसांजेला करजगीहून फोन आला.

“काकांना काय सांगून बसलात हो? मी सगळं माझ्यावर घेतलं होतं की!”

“कामून घेतलंत?”

“तुमच्या हातून चुकून झालं असंल म्हणून.”

“चुकून न्हाई झालं.”

“मग?”

तिनं खिडकीची कडी घट्ट धरली. “पान नीट चाललं की तुमचा फोन येत न्हाई.”

 खिडकीखालून एक बैलगाडी गेली, तिच्या घुंगरांचा आवाज लांब लांब होत विरला. संपलं, असं तिला वाटलं.

“सुकन्या...” मॅडम नाही, काही नाही. “कलबुर्गीहून बसवकल्याणला सकाळची बस कितीला हाय?”

“पण... पान तर दुरुस्त झालंय.”

“पानासाठी कोण यायलंय!”

तिनं वेळ सांगितली. मग, नीट ऐकली असेल की नाही म्हणून, पुन्हा एकदा सांगितली.