चॅपेलचं छत

मेथडिस्ट ख्रिस्त्यांचं ते जुनं चॅपेल, म्हणजे छोटं चर्च, मी सुतार म्हणून तीनदा बदललं. प्रार्थनेला येणारे उरले नाहीत तेव्हा बाकं उपसून धान्याच्या कोठारासाठी फळ्या ठोकल्या. कोठार बंद पडलं तेव्हा बॅडमिंटनसाठी लाकडी जमीन घातली. यंदा माझ्या लेकीने तिथे पाळणाघर काढलं, म्हणून बारा बुटके पलंग केले. छताला मात्र कुणी हात लावायचा नाही. इमारत ऐतिहासिक, तसा नगरपालिकेचा हुकूमच.

त्या छताकडे गेलेलं कधीकधी खाली येत नसे. कोठारात शिरलेली कबुतरं आढ्याकडे उडत, मग पीसही दिसत नसे. बॅडमिंटनचं शटल उंच मारलं की दोन्हीकडचे खेळाडू माना वर करून उभेच. शिडी लावून मी स्वतः बघितलं. स्वच्छ, कोरडं लाकूड. फट नाही, कोनाडा नाही. जाळंसुद्धा नाही.

"पोरांच्या डोक्यावर निदान जाड कापड तरी ताणू," मी लेकीला म्हणालो.

"बाबा, गेल्या महिन्यात तुमचा रंधा आपोआप चालत होता. त्याआधी शेजाऱ्यांचा कुत्रा पाढे म्हणत होता."

चूक माझीच. चाळीस वर्षं घरच्यांना थापांवर पोसलं, आता खरं कोण गिळणार?

पहिल्याच दिवशी, चार वाजता, जावई नातीला न्यायला आले. दहा महिन्यांची पोर. तिला वर उडवून झेलायची त्यांना भारी हौस.

"जावईबापू, इथे नको!"

"मामा, माझे हात काय लोण्याचे आहेत?"

त्यांनी तिला उडवलं.

मी डोळे मिटले.

तिचं खिदळणं वर गेलं आणि मध्येच तुटलं.

"ही घ्या तुमची नात!"

डोळे उघडले तर पोर त्यांच्या हातात. लेक पोट धरून हसत होती. माझा जीव भांड्यात पडला. कान पकडून म्हणालो, "हरलो बुवा."

पोर हसत नव्हती. आमच्या एकेकाच्या तोंडाकडे बघत होती, ओळख पटवत असल्यासारखी.

घरी लेक पोरीचे बूट काढायला बसली. सकाळी तिनेच सहज चढवलेले. आता निघेनात. जावयांनी ओढून बघितलं. शेवटी मी कात्री आणली आणि बूट टाचेपासून कापले.

पावलं माझ्या तळहातात मावली नाहीत. बोटं आत दुमडून बसली होती, फार दिवस जागा न मिळाल्यासारखी.