अडतीस हजारांचा विक्रम

शहाऐंशी साली धनीरामने तुमसरच्या बाजारात अवकाशयानाच्या व्हिडिओ गेमचं यंत्र आणलं आणि भातगिरणीतल्या टिकाराम फिटरला आयुष्यात प्रथमच कशात तरी पहिला नंबर मिळाला. अडतीस हजार गुण. विजेची लाइन गेली की यंत्र सगळं विसरायचं आणि लाइन तर रोजच जायची. म्हणून विक्रम भिंतीवर खडूने लिहीत. नियम एकच. ज्याचा विक्रम मोडला, त्याने नवा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा. विधानसभेतही इतकी शिस्त नसावी.

मोहाडीचा विणकर इश्वर म्हणाला, आपण बेचाळीस हजार केले. पण टिकाराम पोचेपर्यंत लाइन गेली होती.

"म्या पाहिलं काय? नाही ना? मंग झालंच नाही," टिकाराम म्हणाला.

महिनाभर दोघे भांडले. मग इश्वरला कावीळ झाली आणि तो गेला.

दहाव्याला माडगीच्या घाटावर पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून राहिले. इश्वरची आई कौशल्याबाई हिने त्याच्या बहिणीच्या लग्नाचा शब्द दिला, माग विकणार नाही म्हणून सांगितलं. कावळे हलेनात. ऊन चढलं. मंडळींना दुःखापेक्षा भूक जास्त जाणवू लागली.

धनीराम टिकारामच्या कानाशी लागला. "बोल ना बे, त्याचा रेकॉर्ड मान्य आहे म्हणून."

"कायले? म्या पाहिला नाही."

"अबे, मेला ना तो!"

"मेल्यानं आकडा वाढते काय?"

कौशल्याबाईने ते ऐकलं. ती एवढंच म्हणाली, "बाबू, माह्या पोराले मोकळं कर."

टिकाराम पुढे झाला. हात जोडून पुटपुटला, "इश्वर, तू खेळून दाखव. म्या पाहीन. मंग मानतो."

कावळा लगेच शिवला. मंडळी जेवायला गेली. पिंडासमोर दिलेल्या शब्दातून पळवाट काढणारा तुमसरात तोच पहिला. तिथेही नंबर लागलाच.

दुपारी तो धनीरामच्या दुकानात शिरला. एकच नाणं टाकलं, म्हणजे खेळाडू एकच. त्याचं पहिलं यान पडलं आणि पडद्यावर दुसऱ्या खेळाडूची पाळी आली.

"यंत्र बिघडलं काय गा?" टिकारामने विचारलं.

धनीरामने बोट दाखवलं. दांडी आपोआप हलत होती. बटण खाली जात होतं, वर येत होतं. दुकानात सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास पसरला.

यान सफाईने खेळत होतं. तीस हजार. पस्तीस.

"टिकाराम... पाहून राहिला ना?" धनीरामने विचारलं.

सदतीस हजार झाले, तसे टिकारामने डोळे घट्ट मिटले. भीती होतीच, पण त्याहून मोठा होता भिंतीवरचा आकडा. बटणाची टकटक चालू राहिली. चालूच राहिली.

मग पंखा मंदावून थांबला. लाइन गेली.

"उघड डोळे. बंद झालं."

टिकारामने डोळे उघडले. पडदा काळा होता. त्याने कपाळाचा घाम पुसला, पापणी मिटली... आणि धनीरामचा दंड धरला.

"काय झालं?"

"अजून खेळून राहिला... आतमंदी."

दुसऱ्या दिवशी टिकारामने भिंतीवरचे अडतीस हजार स्वतःच्या हाताने पुसले. सगळ्यांसमोर इश्वरचं नाव लिहिलं. उपयोग झाला नाही. बायको सुमित्राबाई सांगते, तो डोळे उघडे ठेवूनच निजतो. त्याला निजणं म्हणायचं तर.

धनीराम भेटला की हळूच विचारतो, "किती झाले?"

टिकाराम पापण्या मिटतो आणि आकडा सांगतो. प्रत्येक वेळी मोठा. परवा मात्र त्याने आकडा सांगितला नाही.

"यान पडाले आलं त्याचं," तो म्हणाला. "त्याच्यानंतर... माही पाळी."