बादलीतला तिखटाचा कण

बोरामने पाय घातला तो परक्याच्या बुटात.

चूक तिची नव्हती. कोरियातल्या त्या बौद्ध मठाच्या दगडी पायरीवर पांढऱ्या रबरी बुटांचे वीस जोड ओळीने मांडलेले, सगळे एकसारखे. अंगावरची करडी बंडी आणि ढगळ विजारही सगळ्यांची तीच. दोन दिवसांसाठी आलेली माणसं मठाने एका साच्यातून काढली होती.

"अहो... तो माझा आहे."

मागे एक तरुण एका पायावर तोल सांभाळत उभा होता.

"कशावरून?"

"टाचेवर बघा. बाण काढलाय."

तिने पाय उचलून पाहिलं. पेनाने काढलेला छोटा बाण, वर तोंड केलेला. त्याच्या हातातल्या दुसऱ्या बुटावर तसाच बाण, खाली तोंड केलेला.

"हे काय?"

"बटणं. मी लिफ्ट दुरुस्त करतो." तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "बोला, वर की खाली?"

बोराम हसली. कितीतरी दिवसांनी, तोंडावर हात न ठेवता.

त्याचं नाव मानसू.

"हे तर आजोबांचं नाव वाटतं."

"आजोबांचंच आहे. त्यांचं वापरून झालं, मग मला दिलं."

संध्याकाळी चहाला सगळे गोल बसले, तेव्हा तो नेमका तिच्या शेजारी आला. डोंगरावरून धुकं उतरत होतं, चहाच्या वाफेत मिसळत होतं.

"कुठलं साल तुमचं?" त्याने विचारलं. तिथे दर जन्मसालाला एका प्राण्याचं नाव असतं; प्राणी एक, तर वय एक.

"उंदराचं."

"मीपण उंदीर! मग दोन उंदरांनी अहो-जाहो कशाला करायचं? 'तू' म्हणू या."

"इतक्यात नको..." ती म्हणाली. पण ते 'नको' तिलाच खोटं वाटलं.

"तू नको म्हणू. मी म्हणतो," तो म्हणाला. "तर तू काय करतेस?"

झालं. बोरामने बाह्या मनगटापर्यंत ओढल्या. सांगावं? आता, की उद्या...? तिचं तोंड उघडायच्या आत पलीकडून सुलगी, तिची शाळेपासूनची मैत्रीण, टपकली.

"आमची बोराम ना? शिक्षण कार्यालयात असते! पक्की नोकरी."

एक शब्द पुरला असता. तो निघाला नाही.

मानसूने मांडी सावरली. थोडा मागे सरकला. "अच्छा..." तो म्हणाला. "छान आहे तुमचं."

'तुमचं.' आत्ता मिळालेलं 'तू' असं डोळ्यांदेखत गेलं.

खरं काय होतं? बोराम देजॉनच्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. रोज आठशे पोरांचं जेवण रांधायचं, आठशे ताटं धुवायची, तळणाच्या दिवशी धुराने छाती भरेपर्यंत कढईपुढे उभं राहायचं. दोन्ही हातांवर तेलाचे डाग, जुने-नवे. आणि या देशात तिला लोक काय म्हणतात? भातवाली बाई. आठशे लेकरांना जेवू घालणारीने मान खाली घालायची, आणि कागद या टेबलावरून त्या टेबलावर सरकवणाऱ्याने मात्र ताठ चालायचं! हा उफराटा न्याय कुणी लावला कोण जाणे. पण मान खाली घालायची सवय बोरामला लागली होती, हे मात्र खरं.

"तुला कुणी सांगितलं होतं मध्ये बोलायला?" तिने सुलगीला विहिरीमागे गाठलं.

"मग काय सांगू? दोन हातांनी फावडं धरून भात ढवळते म्हणून? त्या बँकवाल्याने काय केलं विसरलीस?"

विसरली नव्हती. लग्नाच्या बोलण्यासाठी भेटलेल्या त्या बँकवाल्याने तिचं काम ऐकलं, घड्याळ पाहिलं आणि अर्धी कॉफी टाकून उठला.

"हा तसा नाही."

"एका चहात कळलं?"

"एका बुटात कळलं."

"बरं मग, तुझ्या भल्यासाठीच केलं ना! मोठी दिसलीस की!"

मोठी दिसली खरी. इतकी मोठी, की तो पार खाली राहिला. रात्रीच्या प्रार्थनेला मानसूने चटई दुसऱ्या टोकाला टाकली. पहाटे एकशे आठ नमस्कार घालताना बोराम प्रत्येक वेळी वाकताना तिकडे बघायची आणि उठताना मोजणी चुकायची. न्याहारी झाली की लगेच बस होती. तो चॉन्जूला जाणार, ती देजॉनला. गुडघे दुखत होते, आणि सांगायचं वाक्य मनात दहा वेळा घडवून दहा वेळा मोडलं होतं.

मग न्याहारी आली. मठाच्या पद्धतीची.

प्रत्येकापुढे चार वाट्या. तोंडातून शब्द काढायचा नाही. पेज, पालेभाजी, किमची, सगळं संपवायचं. पिवळ्या मुळ्याची एक फोड राखून ठेवायची, शेवटी तिनेच गरम पाण्यात वाट्या घासायच्या आणि ते पाणी प्यायचं. मग स्वच्छ पाण्याने वाट्या विसळून ते पाणी ओळीच्या बादलीत ओतायचं. त्या पाण्यात तिखटाचा एक कण जरी दिसला, तरी ओळीतल्या सगळ्यांनी ते पाणी प्यायचं.

आठजणांच्या ओळीत मानसू तिच्या शेजारीच आला. आपल्या मनाने नव्हे, सुनिमनी बसवला. सुनिम म्हणजे तिथल्या थोरल्या भिक्षुणी, नजर सुईसारखी.

मानसू वाटी घासत होता, की कुरवाळत होता, देव जाणे. आतल्या काठाखाली लाल कण चिकटलेला. बोरामला तो लांबूनच दिसला. तिने डोळ्यांनी खुणावलं. त्याने भुवया उडवल्या — काय? तिने हनुवटीने दाखवलं. त्याने दुसरीच वाटी उचलली.

तिला राहवेना. बाह्या मागे सारल्या, त्याच्या हातातून वाटी ओढली आणि आपल्या फोडीने काठाखालून एक फेरा मारला. वाटी आरशासारखी निघाली. तिने परत केली तेव्हा मानसू वाटीकडे बघतच नव्हता. तिच्या हातांवरच्या डागांकडे बघत होता.

बाह्या खाली ओढायच्या राहून गेल्या.

बादली फिरली. सुनिम वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"एक कण आहे. कुणाचा?"

सुलगीने डोळे मिटले. बोरामने आपल्या वाटीत पाहिलं. त्याची वाटी घासायच्या नादात तिची चौथी घासायची राहिली होती. काठावर तिखटाची पुसट रेघ.

शेजारी मानसूचा हात वर चालला होता. आळ स्वतःवर घ्यायला!

"माझा," बोराम म्हणाली. "माझाच आहे, सुनिम. मी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. रोज आठशे ताटं धुते. तरी राहिला."

शिक्षण कार्यालय, पक्की नोकरी, सगळं त्या बादलीत बुडालं. सुलगीच्या तोंडून "अगं ए!" निसटलं.

सुनिमनी बोरामच्या हातांकडे पाहिलं. "रोज आठशे," त्या म्हणाल्या. "आज एकच दुसऱ्याची धुतली, आणि आपली विसरली. बरं. प्या सगळे."

सगळ्यांनी प्यायलं. सुलगीने नाक धरून.

बोराम बाहेर आली तेव्हा पायरीवर बाणांचे बूट नव्हते. गेला... बँकवाल्याने निदान घड्याळ तरी पाहिलं होतं.

"काल गप्प का बसलीस?"

तो खांबाआड उभा होता. बूट पायात, चेहऱ्यावर राग.

"भीती वाटली," ती म्हणाली. "लोक उठून जातात."

"आणि मी? मी रात्रभर छताकडे बघत पडलो होतो! शिक्षण कार्यालयातल्या बाईंशी बोलावं काय, त्यांच्या घरचे दारात तरी उभं करतील का..."

"म्हणून चटई तिकडे टाकलीत?"

"मग? खालच्या मजल्यावरून किती ओरडायचं माणसाने!"

ती बघत राहिली. रागावलेला माणूस असा जवळ जवळ येतो, हे तिला माहीत नव्हतं.

"दुखतात का गं?" त्याने डागांकडे बोट केलं. हात लावला नाही.

"तळणाच्या दिवशी दुखतात. मंगळवारी."

"मग मी मंगळवारी येतो. संध्याकाळी. देजॉनला." तो थबकला. "म्हणजे... तुम्ही म्हणालात तर."

आवारात बसवाल्याने भोंगा दिला. सुलगी लांबून दोन्ही हात हलवत होती. बोरामने आपले बूट घातले, बिनखुणेचे.

"तुम्ही काय, तुम्ही?" ती म्हणाली. "तू म्हण. आणि मंगळवारी वेळेवर ये, मानसू. भजी तळेन. पण भांडी तू घासायचीस."

"वाट लागली," तो म्हणाला, आणि हसला.

"काठाखालून घासायचं. शिकवते मी."