ओलीस दाणे

"सव्वीस दिस झाले, गोदामात पडून पडून माझ्या तुरीला भुंगे लागायलेत," इव्होनेते कानात कुरकुरली. "आन् तू बस तिकडं दाढेनं ओलावा मोजत."

इव्होनेते ब्राझीलच्या मातो ग्रोसो प्रांतात राहायची आणि तिला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. पण ईश्वरी बिराजदारच्या कानातलं भाषांतराचं यंत्र अकरा वर्षं ईश्वरीच्याच बोलण्यावर पोसलेलं होतं. त्यामुळे सगळा ब्राझील लातूरच्या एमआयडीसीत जन्मल्यासारखा बोलायचा.

ईश्वरी तिथल्या एका डाळ मिलमध्ये तुरीचे नमुने तपासायची. पोत्यात पोकळ सळई खुपसायची, मूठभर तूर काढायची आणि एक दाणा दाढेखाली धरायचा. कट्ट वाजला तर वाळलेला, नुसता चेपला तर ओला. ओलावा मोजायचं यंत्र होतंच, पण त्याचं आणि दाढेचं जमलं नाही तर ती यंत्राला पुन्हा मोजायला लावायची. तीच तूर पलीकडे पोत्यांत भरणाऱ्या बायकांची मुकादम म्हणजे इव्होनेते. दर मंगळवारी संध्याकाळी पाचला, म्हणजे तिकडच्या सकाळी साडेसातला, दोघी नमुन्यावरून भांडत. भांडण दहा मिनिटांचं, उरलेला अर्धा तास नातींचा. सव्वीस दिवसांत जहाज आलं नव्हतं, नमुना नव्हता, भांडायला काही नव्हतं. तरी फोन चुकला नव्हता.

"लुआना कशी हाय?" ईश्वरीनं विचारलं.

"काल वजन केलं. सातशे ग्रॅम उतरलीय. मांडीवर घेतली की हाडं टोचत्यात गं. आन् तुझी नक्षी?"

"ती बी उतरलीय जरा," ईश्वरी म्हणाली.

हे खोटं होतं. नक्षी तसूभरही उतरली नव्हती. त्याच दुपारी तिनं दोन भाकरी खाऊन तिसरी मागितली होती. देशभर पोरं वाळत असताना आपलीच नात गुटगुटीत का, याची ईश्वरीला भीती वाटायची, आणि खरं सांगायचं तर लाजही.

वीस वर्षांपूर्वी भारत आणि ब्राझील यांच्यात व्यापारावरून इतकं बिनसलं, की एकानं डाळ अडवली, दुसऱ्यानं औषधं आणि बाजरी अडवली, आणि दोन हंगामांत दोन्हीकडची लाखो माणसं गेली. करार पूर्वीही होते, पण करार कागदाचा असतो आणि कागद फाडता येतो. म्हणून न फाटणारा करार करायचं ठरलं. त्याचं नाव सांधा.

सांधा म्हणजे एक जिवाणू. सहा महिन्यांच्या बाळाच्या जिभेवर एक थेंब टाकला की तो आतड्यात घर करायचा आणि खाल्लेल्या अन्नातलं सत्त्व दुप्पट ओढून घ्यायचा. अर्धपोटी राहणाऱ्या दोन देशांना याहून मोठं वरदान कुठलं? पण या जिवाणूला स्वतःला जगायला एक खास रेणू लागायचा. त्याला किल्ली म्हणत. आपल्या मुलांची किल्ली फक्त ब्राझीलमध्ये पिकणाऱ्या एका तुरीत होती, आणि त्यांच्या मुलांची आपल्याकडच्या एका बाजरीत. बियाणं ज्याचं त्याच्या ताब्यात. दाणा जुना झाला की किल्ली विरून जायची, त्यामुळे साठा करून ठेवायचीही सोय नव्हती. किल्ली मिळाली नाही की उपाशी जिवाणू आतड्याचं अस्तर कुरतडू लागायचा. पंचविसाव्या दिवशी वजन उतरायचं. चाळिसाव्या दिवसानंतर मूल परत फिरायचं नाही.

म्हणून पाच दिवसांत समुद्र ओलांडणारी ती जहाजं कधी थांबत नसत. वीस वर्षांत दोनदाच थांबली. एकदा एकतिसाव्या दिवशी दोन्ही सरकारं वाकली, एकदा चौतिसाव्या. यंदाचं भांडण तुरीतल्या अर्धा टक्का जास्त ओलाव्याचं होतं; तो चालवून घ्या, ही ब्राझीलची अट.

थेंब देताना हे सगळं आयांना सांगितलं होतं का? पत्रकात होतं म्हणे, मागच्या पानावर.

अठ्ठाविसाव्या दिवशी मिलच्या मागच्या गल्लीत डॉ. विहंग टिळेकर आले. साठीचे, हडकुळे, बोलताना चष्मा पुसत राहणारे. ज्या सात जणांनी सांधा घडवला त्यांतले हे एक. देशभरच्या वजनांच्या नोंदींत त्यांना एक गल्ली अशी सापडली होती, जिथल्या एकतीस मुलांचं वजन उतरलंच नव्हतं. बत्तिसाव्या मुलीचं मात्र भयंकर उतरलं होतं.

ती वीरा, तनिष्काची चार वर्षांची मुलगी. तनिष्का मिलमध्ये चाळणीवर कामाला होती. लग्न होऊन सोलापूरहून आलेली, शिकलेली, सगळं नियमानं करणारी.

डॉक्टरांनी ईश्वरीच्या ओट्यावरच पेटी उघडली, मुलांचे नमुने घेतले आणि दोन तास डोळ्याला भिंग लावून बसले. मग म्हणाले, "यांच्या पोटात सांधा नाहीच. थेंब दिला होता ना?"

"दिला की. कार्डं हायत सगळ्यांची."

"थेंबानंतर सात दिवस दुधाशिवाय काय दिलं?"

ईश्वरीनं पदर सावरला. "गुटी."

"कार्डावर स्पष्ट लिहिलंय, काही देऊ नका."

"लिहिलंय की. पण थेंब दिला की पोट फुगतंय, लेकरू रडून रडून निळं पडतंय. आन् आम्हाला सकाळी सातला मिलमध्ये उभं राहायचं असतंय. कार्ड येतंय का लेकरू सांभाळायला?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "दाखवा कशी देता ते."

तिनं सहाण दाखवली. वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, सगळीकडे असतं तेच. पण या गल्लीत त्यात आणखी एक गोष्ट पडायची. तुरीची टरफलं तव्यावर करपवून केलेली चिमूटभर काजळी. मिलमध्ये टरफलांना तोटा नाही. कुण्या म्हातारीनं कधीतरी सुरू केलेलं, पुढं चालत आलेलं.

"कोळसा," डॉक्टर पुटपुटले. मग ईश्वरीला समजेल असं बोलले. "कोळशाच्या एका कणात लाखो बारीक भोकं असतात. जिवाणू त्यांत चिकटून बसतात. मुरुडशेंगेनं आतडं त्यांना सोडतं, काजळी त्यांना धरते, आणि सगळं बाहेर. तुमच्या गल्लीतली मुलं सुटी आहेत, ईश्वरीताई. ती कुणाचीच बांधील नाहीत."

"म्हणजे पोरं आमची, बांधून तुम्ही ठेवली होती."

"पूर्वी दोन राजे तह करायचे, तेव्हा एकमेकांचे राजपुत्र ठेवून घ्यायचे."

"ओलीस."

"हो. आम्ही तो शब्द वापरला नाही कधी."

"राजाचं तरी स्वतःचं पोर जायचं, डॉक्टर. तुमच्या तहात कुणाचं गेलं?"

डॉक्टर पेटी आवरू लागले. दारात तनिष्का वीराला खांद्यावर टाकून उभी होती. केव्हापासून, ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"काकू, माझ्या वीराला चालंल का ती गुटी?"

ईश्वरीनं डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी वीराचं पोट बोटांनी चाचपलं.

"चालेल. किल्लीवाचून तो अर्धमेला झालाय, आत्ताच निघेल. पण तिला दिलीत तर उद्या लातूरला कळेल, आठवड्यात देशाला. आणि ब्राझीलच्या मुलांवर ही गुटी चालणार नाही. त्यांचा सांधा वेगळा आहे, अस्तरात खोल रुतून बसतो. पक्का हवा म्हणून मीच तसा सुचवला होता."

"मग आपण बाजरी पाठवू की त्यांना. आपली पोरं वाचली म्हणून काय बाजरी अडवायची?"

"वीस वर्षं बाजरी गेली, ती आपण भले आहोत म्हणून नाही गेली." त्यांचा आवाज उतरला. "फक्त सहा दिवस थांबा. दोनदा वाकलेत, आताही वाकतील. दोन्हीकडची वाचतील."

"वीराकडं सहा दिस हायत?"

डॉक्टरांनी वीराचं मनगट दोन बोटांत धरलं. "बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"अशा दहातली आठ मुलं काढतात."

तनिष्का नुसती वीराची पाठ चोळत राहिली. ती रडली असती, पाया पडली असती, तर ईश्वरीला विचार करायला थोडी सवड तरी मिळाली असती. आता नाही मिळाली. तिनं सहाण पुढं ओढली, दुधाचे चार थेंब टाकले आणि मुरुडशेंगेचे वेढे द्यायला सुरुवात केली. लुआनाची आठवण तिला आली नाही असं नाही. आली. तिसऱ्या वेढ्याला आली, आणि हात थांबला नाही.

डॉक्टरांनीही अडवलं नाही. उलट जरा वेळानं म्हणाले, "वय मोठं आहे तिचं. काजळी थोडी जास्त घ्या."

तिसऱ्या दिवशी वीरानं वरण मागितलं. त्यानंतर काजळीची गोष्ट कुणाच्याच हातात राहिली नाही. लातूरच्या टरफलांना सोन्याचं मोल आलं, ती ट्रक भरभरून गेली, आणि ज्या टरफलांची चुनी म्हशी खात होत्या त्यांच्या पुड्यांवर आता राजमुद्रा होती.

तेहतिसाव्या दिवशी, मंगळवारी, इव्होनेतेचा फोन आला.

"बातम्यांत ऐकलं. तुमच्यात औषध निघालं म्हणं. चांगलं झालं गं, तुझी नक्षी वाचली."

"व्हय."

"आम्ही बी टरफलं जाळून चाटवली लुआनाला. मुरुडशेंग नाही भेटत इथं, तसलंच एक साल उगाळलं. उलटी केली तिनं सगळी. दवाखान्यातली बाई म्हणाली, तुमच्यासाठी नाही ते." जरा थांबून ती हसली. "तुमचं तर संकट टळलं. आता काय अडलंय जहाज सुटायला? उद्या-परवा सुटंल, न्हाय?"

"सुटंल की," ईश्वरी म्हणाली.

चौतिसावा दिवस आला आणि गेला. कुणी वाकलं नाही. वाकायचं आता एकालाच होतं. ब्राझीलनं ओलाव्याची अट मागं घेतली, मग तुरीचा भाव खाली आणला, मग तूर फुकट द्यायला काढली. इकडं मंत्री पडद्यावर म्हणाले, घाई नाही, वीस वर्षांनी प्रथमच आपण बसून बोलू शकतो. अजून दोन खाणी आणि एक बंदर पदरात पडतंय का, हे बघायचं होतं. बाजरीची पोती बंदरावर ताडपत्रीखाली होती. मिलमध्ये शेठनं पेढे वाटले.

"जाईल ना हो काकू बाजरी?" चाळणीपाशी तनिष्कानं विचारलं.

"जाईल की. कागदपत्रं असत्यात."

"समुद्र बी खवळलाय म्हणं."

"असंल."

दोघी पुन्हा चाळणीकडे वळल्या. मिलमधल्या सगळ्या बायका अशाच बोलत. कुणी कागदपत्रं म्हणे, कुणी समुद्र, कुणी बंदरावरचा संप. एकमेकींचं सगळ्या मानत आणि लगेच दुसरा विषय काढत.

अडतिसाव्या दिवशी ईश्वरीनं डॉ. टिळेकरांना फोन लावला.

"मी रोज जातो मंत्र्यांच्या दारात," ते म्हणाले. "काल शिपायानं खुर्ची दिली. आत कुणी बोलावलं नाही."

"म्हणजे?"

"समितीपुढे आहे विषय, ईश्वरीताई." आणि त्यांनी फोन ठेवला.

चाळिसावा दिवस मंगळवारचाच होता. पाचला दहा मिनिटं असतानाच ईश्वरी नमुन्याच्या टेबलाशी जाऊन बसली. तनिष्का शेजारी होती, आणि शाळेतून आलेली वीरा पोत्यांवर उड्या मारत होती. तिचे गाल पुन्हा भरायला लागले होते.

पाच वाजले. सव्वापाच झाले. मग कानात आवाज आला, तोही नेहमीपेक्षा बारीक.

"दवाखान्यात हाय. पाणी बी ठेवंना ती. काल माझ्याकडं बघत होती, आज बघत बी नाही." मागं कुठंतरी खूप बायका एकदम बोलत होत्या, त्यांचं भाषांतर यंत्राला जमत नव्हतं. "डॉक्टरीण म्हणती, आज रात्रीपातुर बाजरी आली तर एखांद्याचं बघता येईल. इथल्या रेडिओवर सांगत्यात, वाटंत समुद्र लई खवळलाय म्हणून जहाज अडकलंय. खरं हाय का गं?"

ईश्वरीनं तनिष्काकडे पाहिलं. तनिष्कानं मान खाली घातली आणि वीराला हात धरून पोत्यांवरून उतरवलं.

"ईश्वरी? ऐकायलीस का? खवळलाय का समुद्र?"

"न्हाई, इव्होनेते. समुद्राला काही झालेलं नाही. जहाज निघालंच नाही, निघणार बी नाही. आमची लेकरं सुटली, ती मीच सोडवली, आन् आता तुझी लुआना मेली तरी इथं कुणाचं काही बिघडत नाही."